चकतीवर मावलेली मैफल

१२ सेंटिमीटर व्यासाची, मधोमध भोक असलेली, उजेडात धरली की सप्तरंग दाखवणारी चकती. १९८२ पासून याच आकारात संगीत कितीतरी प्रकारांनी भरून विकलं गेलं: साधी सीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, एमपी३ सीडी. त्यात घरी संगणकावर ‘बर्न’ केलेल्या चकत्यांची भर पडली. रसिकांच्या कपाटात त्या सगळ्या एकाच थप्पीत पडून असतात. त्यांतली कुठली काय देते आणि कुठली किती टिकते, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

पुढचा संवाद मामा आणि भाचीचा आहे. मामा मिरजेचे, बँकेतून निवृत्त झालेले, जन्मभर गाणं जमवणारे. भाची पुण्यात एका स्टुडिओत ध्वनिमुद्रक आहे. दोघंही रचलेली पात्रं आहेत, पण त्यांच्या तोंडचे मुद्दे जिथे जिथे चार रसिक जमतात तिथे निघतातच. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगतो. एका मुद्द्यावर मात्र मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे.

मामा : तू म्हणतेस साधी सीडी पुरे. मला हे पटत नाही. अगं, गाणं ही अखंड गोष्ट आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची मींड आठव. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर गळा जातो, मधे सांधा कुठे लागत नाही. आणि तुमची सीडी करते काय, तर सेकंदाचे ४४,१०० तुकडे. तुकड्यांतून मींड कशी जन्मेल? म्हणून तर पुढे एसएसीडी आली. तिच्यात सेकंदाला २८,२२,४०० नमुने घेतात. चौसष्टपट!

भाची : मामा, ते तुकडे नाहीत, मोजमापं आहेत. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये जे मांडलं, त्यावर हे सगळं उभं आहे. ज्या ध्वनीत २० हजार हर्ट्झच्या वरची कंपनं नाहीत, तो सेकंदाला ४० हजारांपेक्षा जास्त वेळा मोजला, तर त्या सगळ्या बिंदूंमधून जाणारी रेषा एकच असते. दुसरी काढूच शकत नाही तुम्ही. प्लेअर तीच रेषा पुन्हा उभी करतो.

मामा : पण चित्रात तर पायऱ्या दाखवतात. मी स्वतः पुस्तकात पाहिल्यात.

भाची : दाखवतात, आणि त्या चित्रांनी फार गोंधळ केलाय. मोजमापं कागदावर मांडायची ती एक सोय आहे. प्लेअरच्या बाहेर येणारा विद्युतप्रवाह यंत्रावर पाहिला, तर तिथे जिना नसतो, गुळगुळीत वळण असतं. दोन मोजमापांच्या मधे तुमच्या कानाला ऐकू येईल असं काही घडलं असतं, तर ते शेजारच्या मोजमापांत उमटलंच असतं. खाँसाहेबांची मींड अखंड आत जाते आणि अखंडच बाहेर येते.

मामा : बरं. मग ४४,१०० हाच आकडा का? सरळ ४० हजार किंवा ५० हजार का नाही?

भाची : ४० हजार अगदी काठावर होतात. २० हजारांच्या वरचं सगळं गाळून टाकायला थोडी मोकळी जागा लागते. आणि नेमका आकडा आला व्हिडिओ टेपमधून. १९७० च्या दशकात एवढी अंकीय माहिती साठवू शकेल असं हाताशी असलेलं यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. त्यावर चित्राच्या ओळींच्या जागी ध्वनीचे नमुने लिहायचे. एका पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं, म्हणजे अर्धी चित्रं, प्रत्येकात २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ नमुने. दुसरीत ५० क्षेत्रं, २९४ ओळी आणि ३ नमुने. दोन्ही गुणून बघा, ४४,१०० च येतात.

हा गुणाकार मला फार आवडतो. जपान-अमेरिकेचा टीव्ही आणि युरोपचा टीव्ही एकमेकांशी कधी जुळले नाहीत, पण संगीताच्या एका आकड्यावर दोघांचं गणित जमलं. आज सीडी न बघितलेली मुलं फोनवर गाणी ऐकतात, त्यांतही बहुतेक ठिकाणी हाच आकडा चालतो.

मामा : आणि तो १६ बिटचा हिशोब?

भाची : प्रत्येक मोजमाप किती बारकाईनं लिहायचं त्याचा तो हिशोब. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पातळ्या. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. फिलिप्सचा विचार १४ बिटचा होता, सोनीनं १६ चा आग्रह धरला. आकाराचंही तेच. फिलिप्सला साडेअकरा सेंटिमीटरची चकती हवी होती, ठरली १२ ची.

मामा : ते बीथोव्हनची नववी सिंफनी पूर्ण मावावी म्हणून ना? ७४ मिनिटं?

भाची : गोष्ट प्रसिद्ध आहे, पण फिलिप्समधले केस इमिंक, ज्यांनी चकतीवर बिट लिहिण्याची पद्धत बसवली, तेच ती खरी मानत नाहीत. ते म्हणतात, दोन कंपन्यांच्या व्यापारी ओढाताणीत हा आकार ठरला.

मामा : कारण काहीही असो, ७४ मिनिटांचं मोल आम्हाला विचार. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात राग उभा करायचा म्हणजे विलंबित सोडूनच द्यायचं. एलपी आली आणि बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, तरी बढत रंगात आली की तबकडी उलटायला उठावं लागायचं. सीडीनं बडा ख्याल सलग ऐकवला. आलाप, बोलआलाप, ताना, मागून द्रुत, सगळं एका बैठकीत. आमच्या गाण्यावर सीडीचे हे मोठे उपकार आहेत.

भाची : यावर वाद नाहीच. माझ्या मते आपल्या संगीताला चकतीनं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. स्वच्छता त्यानंतर.

मामा : मग आता एसएसीडीवर ये. माझ्याकडे एक आहे. आधी तीच ध्वनिमुद्रिका साध्या सीडीवर होती. दोन्ही लागोपाठ ऐकल्या. एसएसीडीत तंबोऱ्याची जवारी खुलते, तबल्याच्या चाटीला धार येते. माझे कान खोटं सांगतात का?

भाची : तुमच्या कानांवर माझा पूर्ण विश्वास आहे. ऐकलीत कशावर?

मामा : आपला घरचाच प्लेअर. बाहेरच्या खोलीतला.

भाची : तो साधा डीव्हीडी प्लेअर आहे. त्याला एसएसीडीचा थर वाचताच येत नाही. तुमची चकती ‘हायब्रिड’ आहे, बघा वेष्टनावर लिहिलंय. तिच्यात दोन थर असतात. एक ०.६ मिलिमीटर खोलीवर, एसएसीडीचा, तो ६५० नॅनोमीटरच्या लेसरला दिसतो. दुसरा १.२ मिलिमीटरवर, साध्या सीडीचा, तो ७८० नॅनोमीटरच्या लेसरनं वाचतात, आणि त्या लेसरला एसएसीडीचा थर जवळजवळ पारदर्शक असतो. तुमच्या प्लेअरनं दोन्ही वेळा ४४,१०० आणि १६ बिटच वाजवलं.

मामा : मग फरक कशानं पडला?

भाची : मूळ फीत पुन्हा काढून, नव्यानं स्वच्छ करून, काळजीपूर्वक बसवली म्हणून. त्याला आम्ही मास्टरिंग म्हणतो. जुनी सीडी घाईनं, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या फितीवरून काढली असेल. फरक खरा आहे, तुम्ही ऐकलात तोही खरा आहे. तो चकतीच्या जातीचा नाही, चकतीआधीच्या हातांचा आहे.

या एका उत्तरात मला विषयाचं मर्म दिसतं. वेष्टनावरची अक्षरं भांड्याचं माप सांगतात. ध्वनी कुणी, कुठल्या फितीवरून, किती निगुतीनं उतरवला हे सांगत नाहीत. उलट दिशेचं उदाहरणही आहे. १९९० नंतर पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात प्रत्येक गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजावं अशी चढाओढ लागली. मेटॅलिकाच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या सीडीबद्दल चाहत्यांनीच तक्रार केली की आवाज इतका दाबला आहे की तो फाटतो. ९६ डेसिबलची जागा उपलब्ध असताना वापरली गेली ती वरची अगदी थोडी. त्यात सीडीचा दोष काय?

मामा : म्हणजे एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या दोन्ही फसवणुकी?

भाची : नाही, तसं मी म्हणणार नाही. एसएसीडी १९९९ ची, सोनी आणि फिलिप्सची. पद्धतच निराळी : एकाच बिटचं मोजमाप, पण प्रचंड वेगानं, आणि त्यातून होणारी खरखर ऐकू येण्याच्या पलीकडे ढकलायची. डीव्हीडी-ऑडिओ २००० मध्ये बाजारात आली. ती सीडीचीच पद्धत पुढे नेते, २४ बिट आणि १,९२,००० हर्ट्झपर्यंत. दोन्हींचा निर्विवाद फायदा एकच, पाच-सहा वाहिन्यांचा ध्वनी. मागून, बाजूनंसुद्धा सभागृह ऐकू येतं.

मामा : मैफलीत मागच्या रांगेतून आलेली दाद मागूनच ऐकू येईल!

भाची : आली असती, तशी मुद्रित केली असती तर. आपल्या बहुतेक जुन्या मैफली एका किंवा दोन वाहिन्यांवर आहेत. त्यातून मागची रांग काढायची कुठून? आणि दोन्ही प्रकार एकमेकांशी भांडत बसले. प्लेअर वेगळे, डीव्हीडी-ऑडिओला यादी बघायला बऱ्याचदा टीव्ही लावावा लागायचा, नक्कल होऊ नये म्हणून कुलपं घातलेली. तेवढ्यात २००१ मध्ये आयपॉड आला आणि लोकांनी सोय निवडली. एसएसीडी आजही निघतात, मुख्यतः पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या. डीव्हीडी-ऑडिओ जवळपास संपली.

मामा : पण कानाला फरक कळतो की नाही, याची कुणी परीक्षा घेतली का?

भाची : घेतली. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेत एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा ध्वनी लोकांना दोन प्रकारे ऐकवला, एकदा जसाच्या तसा आणि एकदा मधे सीडीच्या मापातून गाळून. कुठला कुठला हे सांगायचं नाही. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

मामा : मीही वाचतो हं! २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला, तो सांग की. लोकांना फरक कळतो असाच निघाला.

भाची : निघाला. बरोबर उत्तरं साधारण ५२ टक्के. योगायोगापेक्षा किंचित जास्त, आणि कान तयार केलेल्यांच्या बाबतीत आणखी थोडी जास्त. मी ते नाकारत नाही. पण ५२ टक्क्यांसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचे की तेच पैसे चांगल्या स्पीकरवर घालायचे, हा प्रश्न उरतो. साठी ओलांडलेल्या कानाला वरच्या कंपनांतलं बरंच ऐकू येईनासं होतं, तोही निसर्ग आहे, मामा. मुद्रण करताना मात्र मी २४ बिटच वापरते. गायक कधी एकदम तार सप्तकात जाईल सांगता येत नाही, तेव्हा वर मोकळी जागा ठेवावी लागते. ऐकणाऱ्याला ती जागा लागत नाही.

मामा : आणि त्या जपानी महागड्या सीडी? एसएचएम, ब्लू-स्पेक?

भाची : दोन्ही २००८ च्या सुमाराच्या. एकीत एलसीडीच्या पडद्यासाठी लागतं तसलं जास्त पारदर्शक पॉलिकार्बोनेट वापरतात, दुसरीत साचा कापायला निळा लेसर. आत साधी सीडीच. त्याच मास्टरवरून काढली असेल, तर बिटन् बिट तीच. मास्टर चांगला असेल तर घ्या, प्लास्टिकसाठी घेऊ नका.

मिनीडिस्क आणि एमपी३ सीडीबद्दल दोघांचं लगेच एकमत झालं. १९९२ ची मिनीडिस्क डबीत बसवलेली, ६४ मिलिमीटरची. सीडीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात तेवढंच गाणं बसवायची आणि त्यासाठी ‘कानाला कळणार नाही’ असं ठरवलेलं सगळं गाळायची. आपल्याकडे तिचा प्रसार फारसा झाला नाही. एमपी३ सीडी मात्र गावोगाव पोचली. १२८ किलोबिटनं दाबलं की एका चकतीवर बारा तास, म्हणजे दीडशे गाणी. सीडीच्या सेकंदाला १४,११,२०० बिटपैकी अकरावा हिस्साच उरतो आणि पहिली बळी जाते ती जवारी. तंबोऱ्याचे वरचे स्वर एकमेकांत मिसळून ओलसर खुळखुळाट ऐकू येतो. मिरजेत ज्यांनी तंबोरे घडताना पाहिलेत, त्यांना हे सहन होणं अवघडच.

मामा : तरी तू एक गोष्ट विसरतेस. ही चकती माझ्या कपाटात आहे. आज फोनवर असलेलं गाणं कराराची मुदत संपली की उद्या नसतं. आणि आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, तबल्यावर कोण, हार्मोनिअमवर कोण, मागे तंबोऱ्यावर कोण, कुठल्या साली. फोनवर नुसतं गायकाचं नाव आणि चित्र. साथीदार पुसले गेले त्यात.

मी मामांच्या बाजूचा आहे तो मुद्दा हाच. ध्वनीच्या दर्जात आजच्या चांगल्या स्ट्रीमिंग सेवा सीडीच्या बरोबरीला, प्रसंगी पुढेही गेल्या आहेत. पण संगीताची नोंद म्हणून विचार केला तर छापील पुस्तिकेसह आलेली साधी सीडी त्यांच्यापेक्षा फार मोलाची आहे. साथीदाराचं नाव हरवलं की त्या मैफलीचा अर्धा इतिहास हरवतो.

भाची : म्हणूनच तुमच्या कपाटाची मला काळजी वाटते. ही बघा, तुम्ही जपून ठेवलेली विकतची सीडी. खालची चमकदार बाजू तुम्ही फार सांभाळता. पण खालून १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक आहे. त्याच्या पलीकडे, छापलेल्या बाजूला लागून ॲल्युमिनिअमचा पातळ थर, त्यावर नुसतं लाखेसारखं आवरण आणि शाई. माहिती तिथे आहे, नावाच्या बाजूला. खालचा ओरखडा बऱ्याचदा घासून काढता येतो, वरचा ओरखडा माहितीच खरवडून नेतो.

मामा : म्हणजे मी इतकी वर्षं पालथी ठेवत आलो ते उलट!

भाची : दोन्ही बाजू सांभाळायच्या. आत पाच किलोमीटरहून लांब अशी एक सर्पिल रेघ आहे, आतून बाहेर जाणारी. एका केसाच्या रुंदीत तिचे चाळीसेक फेरे बसतात. म्हणून पुसताना गोल गोल पुसायचं नाही. मधून कडेकडे सरळ पुसायचं. रेघेला आडवा ओरखडा गेला तर प्लेअर तो भरून काढतो, कारण माहिती विखरून आणि जादा खुणांसह लिहिलेली असते. जवळजवळ अडीच मिलिमीटरचा खंड पडला तरी ती पुन्हा जशीच्या तशी जुळते. रेघेच्या बाजूनं लांब ओरखडा गेला की त्याची धडगत नसते. आता ही दुसरी हातात घ्या. खालून हिरवट-निळसर दिसते ना? आणि आत एक गडद पट्टा, बाहेर फिका?

मामा : ही आपल्या मंडळातल्या मैफलीची. कुणीतरी कॉपी करून दिलेली.

भाची : ही सीडी-आर. गडद दिसतो तेवढ्या भागात मुद्रण आहे. हिच्यात साच्यानं दाबलेले खळगे नाहीत. रंगद्रव्याचा थर आहे, लेसरनं तापवून त्यावर खुणा केल्यात. रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणानं फिकं पडतं. विकतची सीडी नीट ठेवली तर पुष्कळ टिकते. ही किती टिकेल हे तिच्या रंगद्रव्यावर आणि तुमच्या कपाटावर आहे. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. वर चिकटवलेलं कागदी लेबल सुटताना थर घेऊन जाऊ शकतं. आणि विकतची सीडी लागली नाही तर दुसरी कुठेतरी मिळेल. ही मैफल या चकतीशिवाय जगात दुसरीकडे कदाचित नसेलच.

मामा : मग एक काम करतो. सगळ्या पेनड्राइव्हवर ओढून घेतो.

भाची : ओढू नका! सीडीवर संगणकासारख्या फायली नसतात. संगणक ‘सीडीए’ नावाच्या ज्या फायली दाखवतो, त्या ४४ बाइटच्या खुणा असतात, गाणं नसतं. कितीतरी लोकांनी त्या उतरवून घेतल्या आणि मूळ चकती देऊन टाकली. त्यासाठी खास प्रोग्रॅम असतात, ते एकेक चकती सावकाश वाचतात, शंका आली की पुन्हा वाचतात. ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवा. एकही बिट न गमावता जागा जवळपास निम्मी लागते. एमपी३ करू नका.

मामा : जागा किती लागेल?

भाची : न दाबता तासाला साधारण ६३५ मेगाबाइट. एक टेराबाइटच्या डिस्कवर दीड हजार तास बसतात. तुमचं सगळं कपाट बसून जागा उरेल.

मामांनी त्यावर जे केलं, ते प्रत्येक संगीत मंडळानं आणि प्रत्येक घरानं करावं असं मला वाटतं. त्यांनी थप्पीतून हिरवट-निळसर चकत्या आधी बाजूला काढल्या. एसएसीडी, जपानी आवृत्त्या, विकतच्या सीडी, कुठली थोर याचा वाद निवांत करता येईल, त्या कुणाकडे ना कुणाकडे सापडतील. गावातल्या गणेशोत्सवात झालेलं गाणं, शाळेच्या सभागृहातलं नाट्यसंगीत, एखाद्या गुरूनं शिष्याला दिलेली तालीम, या गोष्टी महाराष्ट्रात आणि गोव्यात हजारो घरांत फक्त सीडी-आरवर आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी. फाईलच्या नावात गायक, राग, ठिकाण आणि तारीख लिहा. तबल्यावर आणि हार्मोनिअमवर कोण होतं ते आठवणारी माणसं अजून आहेत, त्यांना या महिन्यातच फोन करून विचारा.